फोटोओळींची वही: मुंबईतले यहुदी डॉक्टर आणि त्यांचे दवाखाने

९ जून २०२५

कामाची व्याप्ती ठरली. ऑक्टोबरअखेरीस एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात छोटं प्रदर्शन भरवायचं आहे. विषय 'यहुदी डॉक्टर आणि समाजाची आरोग्यसेवा'. नाव समितीनं दिलंय. माझ्याकडे फोटो गोळा करणं, स्कॅन करणं, नोंदी ठेवणं आणि मराठी फोटोओळी लिहिणं. ठाणे, भायखळा आणि अलिबागकडच्या काही बेने इस्राएल (कोकणातले मराठी यहुदी) घरांनी अल्बम द्यायचं कबूल केलंय. एक संच इस्राएलमधल्या लोदहून कुणाच्या तरी सामानातून येतोय.

दोन नियम आधीच लिहून ठेवते. ज्यांच्या घरचे फोटो, त्यांची नावं भिंतीवर लागणार नाहीत. आणि रुग्ण ओळखू येत असेल तर तो फोटो प्रदर्शनात नाही, कितीही चांगला असला तरी. रुग्णानं डॉक्टरच्या अल्बमात जायला कधी होकार दिला होता?

१३ जून

पावसाळ्यात जुने फोटो हाताळायचे म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणं. काल आलेल्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांचा वास आणि तळाशी कसर. काळ्या कागदाच्या अल्बमात फोटो थेट खळीनं चिकटवलेले. ते उपटायचे नाहीत, पान आहे तसंच स्कॅन करायचं. चांदीच्या लवणाचे जे जुने प्रिंट आहेत त्यांच्या गडद भागावर आरशासारखी चंदेरी झाक आलीय. स्कॅनरच्या प्रकाशात ती पांढरी उमटते, म्हणून असे प्रिंट कॅमेऱ्यावर तिरक्या उजेडात घेतेय. एका डब्यात फिल्मच्या निगेटिव्ह होत्या. झाकण उघडल्याबरोबर व्हिनेगरचा भपका. ॲसिटेट कुजायला लागलंय. त्या वेगळ्या काढल्या, सगळ्यात आधी त्यांचंच स्कॅन.

कापडी हातमोजे बंद. त्यांचे धागे कोपऱ्याला अडकतात. नायट्राइलचे मागवले. मागच्या बाजूला फक्त मऊ पेन्सिल, तीही कडेला. कुणीतरी बॉलपेननं 'आजोबा दवाखान्यात' असं दाबून लिहिलंय, त्याचा वळ समोर आजोबांच्या कपाळावर उमटलाय.

२० जून

पहिली चाळणी झाली. समितीला जे हवंय आणि पेट्यांतून जे निघतंय, त्यांचा मेळ बसत नाही.

समितीला वाटतं की एखादा 'समाजाचा दवाखाना' सापडेल: दारावर मेझुझा (यहुदी घराच्या चौकटीवरची प्रार्थनेची डबी), आत यहुदी डॉक्टर, बाकावर यहुदी रुग्ण. तसा फोटो या साठ्यात एकही नाही. निघतात ते असे: सरकारी इस्पितळाच्या पायरीवर उभा असलेला हाउसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर. पलटणीच्या 'हॉस्पिटल असिस्टंट'चा गणवेशातला फोटो, कमरेला पट्टा, शेजारी फुलदाणीचं स्टुडिओतलं टेबल. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या तुकडीत तिसऱ्या रांगेतला एक चेहरा, ज्यावर घरातल्या कुणीतरी शाईनं फुली मारलीय. गिरणगावातल्या कुठल्याशा दवाखान्याची पाटी, नावापुढे एल.एम. अँड एस. ही त्या काळची डॉक्टरीची पदवी. डॉक्टर यहुदी आहेत, पण रुग्ण सगळ्या जातीधर्मांचे. आणि इमारत सरकारची, म्युनिसिपालटीची किंवा पारशी दात्याची.

बेने इस्राएल मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे. तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली'. आडनावं गावांवरून: किहीमकर, राजपूरकर, झिराड. अठराव्या शतकापासून ते मुंबईत येत गेले, पलटणीत शिरले, मग शाळा, मग रेल्वे, कचेऱ्या आणि इस्पितळं. १९४८च्या आसपास सगळ्या देशात मिळून वीसेक हजार माणसं. एवढ्याशा समाजानं स्वतःपुरतं इस्पितळ बांधण्यापेक्षा दुसऱ्यांच्या इस्पितळात नोकरी धरली, यात मला काही उणं वाटत नाही. पण मग प्रदर्शनाची मांडणी नावाप्रमाणे होणार नाही. समितीला आत्ताच सांगत नाही. आधी पुरावा जमू दे.

२ जुलै

हाफकिन. त्यांच्याशिवाय प्रदर्शन होणार नाही असं सगळ्यांचं मत आणि माझंही. अडचण एवढीच की ते बेने इस्राएल नव्हेत, मुंबईचे नव्हेत आणि वैद्यकाची पदवी घेतलेले डॉक्टरही नव्हेत. वाल्डेमार हाफकिन, जन्म १८६० ओडेसा, शिक्षण प्राणिशास्त्राचं. रशियात बाप्तिस्मा घ्यायला नकार दिल्यावर नोकरीची वाट बंद झाली, तेव्हा पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूट गाठलं. १८९२मध्ये कॉलऱ्याची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. १८९३मध्ये भारतात.

त्यांचा सगळ्यात प्रसिद्ध फोटो मुंबईचा नाहीच. तो मार्च १८९४मधला, कोलकात्याच्या वस्तीत लोकांना कॉलऱ्याची लस टोचतानाचा, लंडनच्या वेलकम संग्रहातला. मराठी पुस्तकांत, वर्तमानपत्रांत हाच फोटो सर्रास 'मुंबईत प्लेगची लस देताना' म्हणून छापलेला मी पाहिलाय. फोटोओळीत गाव, साल आणि रोग ठळक टाकायचा.

मुंबईची हकिगत अशी. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात हाफकिन आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक बोळ मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. लशीसाठी जंतू वाढवायचे ते मांसाच्या रश्शात, आणि वर तुपाचे थेंब सोडलेले. त्या थेंबांना धरून जंतूंचे दोरे खाली लोंबत वाढत. तूप आपल्या स्वयंपाकघरातलं, म्हणून हा तपशील फोटोओळीत घेणारच. शाळेतली मुलं तेवढं तरी लक्षात ठेवतील. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा तयार झालेल्या कैद्यांवर चाचणी झाली: काहींना लस, काहींना नाही, आणि मग मोजदाद. कैद्याची 'तयारी' किती खरी असते, हा प्रश्न मला आजही छळतो. फोटोओळीत 'स्वेच्छेने' हा शब्द वापरणार नाही. 'तयार झालेल्या' पुरे.

पुढचंही टाळणार नाही. १९०२मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात होऊन ते मेले. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांना पदावरून दूर केलं. प्रत्यक्षात बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मधून बाजू मांडली आणि १९०७मध्ये त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधली ती प्रयोगशाळा १९२५पासून हाफकिन इन्स्टिट्यूट. समितीतल्या एका सरांनी सुचवलं, 'मुलकोवाल वगळा, गौरवाचा विषय आहे.' मी म्हटलं, 'सर, वगळलं तर त्यांची सुटका कशातून झाली ते कसं सांगायचं?' ते हसले. राहिलं.

७ जुलै

प्लेगच्या काळातले सरकारी फोटो पाहण्यात दोन दिवस गेले. घरझडतीची पथकं, चुना मारलेल्या भिंती, विलगीकरणाच्या छावण्या, 'राहण्यास अयोग्य' म्हणून इंग्रजी अक्षरं रंगवलेल्या चाळी. हे फोटो सरकारनं आपलं काम दाखवण्यासाठी काढून घेतलेले. त्यात माणसं आहेत ती तपासायची वस्तू म्हणून. याच झडत्यांचा संताप पुण्यात २२ जून १८९७च्या रात्री रँडवर बाहेर पडला.

एक गोष्ट मात्र विषयाला थेट भिडणारी मिळाली. सरकारी इस्पितळात जायला लोक घाबरत, तेव्हा मुंबईत ज्या-त्या जमातीनं आपापली प्लेगची इस्पितळं उभी केली: पारशी, जैन, भाटिया, खोजा. 'समाजाची आरोग्यसेवा' म्हणतात ती मुंबईत अशी, भीतीपोटी उगवली आणि साथ ओसरल्यावर बरीचशी विरूनही गेली. हाफकिन यांचा आग्रह उलट होता: सक्ती नको, ज्याला हवी त्याला लस. आगाखानांनी स्वतः टोचून घेतली आणि आपल्या खोजा अनुयायांना घ्यायला लावली, त्याचा परिणाम हजार जाहिरातींपेक्षा मोठा.

प्लेगच्या भिंतीवर दोनच फोटो ठेवतेय. दोन्ही रिकाम्या खोल्यांचे.

१९ जुलै

ठाण्याच्या अल्बममधून आज 'तो' फोटो निघाला. घरच्यांनी आधीपासून सांगून ठेवलं होतं: आमच्याकडे झिराडबाईंचा फोटो आहे. मोठा प्रिंट, जाड पुठ्ठ्यावर. मध्ये खुर्चीत पांढऱ्या साडीतली बाई, भोवती टोप्या घातलेल्या परिचारिका तीन रांगांत, मागे वॉर्डची भिंत. अल्बमच्या पानावर शाईत 'डॉ. झिराड, कामा'. समितीला व्हॉट्सॲपवर पाठवला तर आनंदीआनंद: हाच मुख्य फोटो, हाच फलकावर.

आनंद का, ते समजतं. डॉ. जेरुशा झिराड म्हणजे या विषयाचा कणाच. जन्म १८९० शिमोगा, शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत. लहानपणी बहीण मरणाच्या दारात असताना कामा हॉस्पिटलच्या डॉ. ॲनेट बेन्सन यांनी तिला वाचवलं, तेव्हाच या मुलीनं डॉक्टर व्हायचं ठरवलं, आणि व्हायचं तेही कामामध्येच. ग्रँट मेडिकलमधून १९१२मध्ये एल.एम. अँड एस. दुसऱ्या वर्षी बहिणीच्या साथीनं बेने इस्राएल स्त्री मंडळ काढलं. १९१४मध्ये लंडन. परदेशी शिक्षणासाठी हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळालेली पहिली स्त्री त्याच. महायुद्ध चालू असताना लंडनच्या बायकांच्या इस्पितळात काम, १९१९मध्ये स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्रात लंडन विद्यापीठाची एम.डी. परत येऊन दिल्ली, बेंगळुरू, मग मुंबई. १९२८ ते १९४७ कामाच्या प्रमुख, आणि त्या खुर्चीवर बसलेल्या पहिल्या भारतीय. १९६६मध्ये पद्मश्री.

कामाचं महत्त्व आज सांगावं लागतं. १८८६मध्ये पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून बायकांसाठी, आणि बाई डॉक्टरांनीच चालवायचं म्हणून उघडलेलं इस्पितळ. पहिल्या प्रमुख एडिथ पेची. विलायतेहून डॉक्टर होऊन आलेल्या रखमाबाईही सुरतेला जाण्याआधी थोडा काळ इथेच होत्या. म्हणजे पारशी पैसा, इंग्रज बायका, नवऱ्यानं भरलेल्या खटल्यातून सुटून आलेली मराठी मुलगी आणि कोकणी यहुदी घरातली प्रमुख. 'समाजाची' सेवा म्हणायची तर कुठल्या समाजाची?

फोटोकडे परत. प्रिंट उलटा केला. कागदावर मागे छापील 'आगफा-गेव्हर्ट'. या दोन कंपन्या एकत्र झाल्या १९६४मध्ये. कागद प्रिंटचं वय सांगतो, निगेटिव्हचं नाही; जुन्या निगेटिव्हवरून नंतर मोठा प्रिंट काढलेला असू शकतो. पण मग भिंग घेऊन भिंत पाहिली. वरच्या कोपऱ्यात ट्यूबलाइट आहे. खुर्चीतली बाई फार तर पस्तिशीची. डॉ. झिराड कामातून निवृत्त झाल्या तेव्हा सत्तावन्न वर्षांच्या होत्या. मुंबईच्या इस्पितळात ट्यूबलाइट आली असेल त्या काळात त्या पस्तिशीच्या असणं शक्य नाही.

समितीला कळवलं: हा फोटो फलकावर नको. उत्तर: 'घरचेच सांगतात ना?' घरचे सांगतात, तीही नोंदच आहे. 'कुटुंबाची माहिती' या रकान्यात ती जाईल.

३ ऑगस्ट

आज बिरड्याचा सण, म्हणजे यरुशलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाचा दिवस. ठाण्याला फोन करायचा नाही असं कॅलेंडरवर आधीच लिहिलं होतं. स्कॅनचं काम चालू. घरी वाल सोललेले नाहीत याची खंत.

११ ऑगस्ट

ठाण्याला एका निवृत्त परिचारिकेकडे गेले होते. सगळं इस्पितळ त्यांना सिस्टर म्हणत असे, गल्लीतही सिस्टरच, म्हणून मीही. वय नव्वदीच्या जवळ, नजर अजून चांगली. चहा येण्याआधीच फोटो मागितला.

'डॉक्टर? ही?' म्हणाल्या. 'अगं, कमरेला बघ.'

पाहिलं. साडीच्या निऱ्यांपाशी काळसर झुबका. मला तो रुमाल वाटत होता.

'किल्ल्या आहेत त्या. कपड्यांचं कपाट, औषधांचं कपाट, ब्रँडीचं कपाट. डॉक्टरीण कशाला किल्ल्या बाळगील? ही मेट्रन आहे. आणि या पुढे बसलेल्या मुली शिकाऊ. बघ, यांचे पट्टे वेगळे. म्हणजे हा पास झाल्याचा फोटो. दर तुकडीचा निघायचा. फोटोवाला यायचा त्या दिवशी इस्त्रीसाठी मारामारी.'

मग बोट हळूहळू शेवटच्या रांगेकडे गेलं. डावीकडून दुसरी, अर्धा चेहरा पुढच्या टोपीआड. 'ही त्यांच्या घरातली. पुढं इस्राएलला गेली, बेरशेबाला. हिच्यामुळे फोटो घरात राहिला असणार.'

असं जुळतं सगळं. फोटो जपला गेला तो कडेला उभ्या असलेल्या मुलीसाठी. पुढे ती परदेशी गेली, घरातल्या पिढ्या बदलल्या, आणि 'आपल्यातली एक बाई इस्पितळात मोठी होती' एवढंच शिल्लक राहिलं. मोठी म्हणजे मधली, मधली म्हणजे झिराडबाई. यात खोटं कुणीच बोललेलं नाही.

सिस्टरांनी मग इतर प्रिंट पाहिले आणि मला जे दिसत नव्हतं ते एकामागून एक सांगत गेल्या. खाटेच्या पायाखाली ठेवलेल्या विटा: रक्तस्राव झालेल्या बाळंतिणीचं पायथ्याकडचं अंग उंच करायला. दाराशी उभी असलेली नऊवारीतली बाई म्हणजे मावशी, वॉर्डातली आया, 'तिच्याशिवाय वॉर्ड हलत नसे, पण फोटोवाला तिला बाजूला हो म्हणायचा, ती हलली नाही म्हणून आली फोटोत'. टेबलावरच्या काचेच्या बरण्या, खुणेच्या कागदी पट्ट्या डकवलेल्या मिश्रणाच्या बाटल्या: कंपाउंडरचं राज्य. मी फक्त लिहीत होते. निघताना म्हणाल्या, 'आमच्यात डॉक्टरांपेक्षा नर्सा जास्त झाल्या गं. तुमच्या पाटीवर डॉक्टरच आहेत.'

हे त्यांच्या परवानगीनं इथे लिहितेय, नावाविना.

२३ ऑगस्ट

समितीची बैठक. मी मांडलं: डॉक्टरवार भिंती नकोत, कामाच्या जागेवार करू. प्रयोगशाळा, बाळंतपणाचा वॉर्ड, पलटणीचं इस्पितळ, गल्लीतला दवाखाना. आणि प्रत्येक फोटोत जे-जे काम करताना दिसतात त्या सगळ्यांची ओळ. विरोध झाला. एका बाईंनी युरोपातल्या संग्रहांचं उदाहरण दिलं: तिकडे बघा, यहुदी समाजाच्या आरोग्यसेवेचे फोटो किती सुंदर, किती नीट मांडलेले.

खरं आहे, ते फोटो मीही पाहिलेत. १९१२मध्ये सेंट पीटर्सबर्गला 'ओझे' ही संस्था निघाली, यहुद्यांचं आरोग्य राखण्यासाठी. पोलंडमध्ये १९२१पासून तिचीच बहीण 'टोझ'. तराजूत तोललं जाणारं बाळ, रांगेत डोकी दाखवणारी पोरं, दुधाच्या केंद्राबाहेर बाटल्या घेतलेल्या आया, उन्हाळी वसाहतीत उघड्या अंगानं कवायत करणारी मुलं. उत्तम छायाचित्रण, आणि त्यामागे व्यवस्थित हेतू: अमेरिकेतल्या देणगीदारांना दाखवायचं होतं की तुमचा पैसा मुलाच्या वजनात दिसतो. पण ही व्यवस्था उभी का राहिली? पहिलं महायुद्ध, दंगली, टायफस, आणि यहुद्यांकडे पाठ फिरवलेली सरकारं. पोलंडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत यहुदी मुलांना मोजक्याच जागा, तर काही ठिकाणी बसायचे बाकसुद्धा वेगळे. आपलं इस्पितळ आपणच बांधण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि त्या फोटोंतल्या बहुतेक मुलांचं पुढे काय झालं, ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. वॉर्सा घेट्टोतल्या यहुदी डॉक्टरांनी तर स्वतः उपाशी असताना उपासमारीच्या रोगाचा शास्त्रीय अभ्यास करून ठेवला, हस्तलिखित चोरून बाहेर पोचवलं.

मुंबईच्या अल्बमांत त्या प्रकारची मांडणी नाही, कारण तशी वेळच आली नाही. ग्रँट मेडिकलच्या तुकडीत फुली मारलेला चेहरा पारशी आणि ब्राह्मण मुलांच्या मधोमध बसलाय. मला तर हाच या साठ्याचा मुख्य मुद्दा वाटतो. तसं बोललेही. शांतता पसरली. मग 'जागेवार' मांडणी मंजूर, शीर्षक मात्र तेच, कारण निमंत्रणपत्रिका छापायला गेल्या आहेत. चालेल.

५ सप्टेंबर

गणपतीत कुरियर बंद, लोदचं पार्सल अडकलं होतं ते आज मिळालं. उद्या विसर्जन.

बहुतेक लग्नाचे फोटो. पण मध्येच एक पाटीचा: मुंबईतला रस्ता, पहिल्या मजल्यावर जर्मन वळणाचं नाव, खाली व्हिएन्नाची पदवी. १९३३नंतर हिटलरच्या राज्यातून निसटून जे यहुदी मुंबईला पोचले त्यांत डॉक्टर बरेच. १९३४मध्ये मुंबईत ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली होती, ती त्यांची सोय पाही. इथल्या काही डॉक्टरांना मात्र ही स्पर्धा रुचली नाही. युद्ध पेटल्यावर तर विनोदच झाला: नाझींपासून पळालेली हीच माणसं जर्मन नागरिक म्हणून शत्रू ठरली आणि त्यांतली काही अहमदनगरच्या, पुढे पुरंदरच्या छावणीत गेली. नाव वाचता येत असलं तरी फोटोत पाटी अर्धवट कापून लावणार.

२६ सप्टेंबर

नव्याचा सण (यहुदी नववर्ष) आटोपला, आता लोक फोन उचलतायत.

नावांचा गुंता सोडवतेय. बेने इस्राएल घरांत नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत, मध्ये वडिलांचं, शेवटी गावाचं. त्यामुळे 'डॉ. ए. एरुलकर' एवढ्यावर भागत नाही. मुंबईचे डॉ. अब्राहम सॉलोमन एरुलकर वेगळे: गांधीजींचे स्नेही, उपवासांत त्यांची प्रकृती पाहणाऱ्यांपैकी, पुढे मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष. त्यांचे भाऊ डेव्हिड हे १९१६च्या खटल्यात जिनांबरोबर टिळकांच्या बाजूनं उभे राहिलेले वकील. मुलगी लीला सायप्रसचे राष्ट्राध्यक्ष क्लेरिडीस यांची पत्नी. आणि अहमदाबादला त्याच घराण्यात आणखी एक डॉ. अब्राहम होऊन गेले, तिथल्या यहुदी वस्तीच्या सुरुवातीचे. नोंदीत यापुढे तिन्ही नावं पूर्ण.

डॉ. एलिजा मोझेस यांची ओळ मात्र सोपी. १९३७-३८मध्ये मुंबईचे महापौर. महालक्ष्मीहून वरळीकडे जाताना सगळे त्यांच्याच नावाच्या रस्त्यावर अडकलेले असतात. टॅक्सीवाले 'ई मोझेस' एका शब्दात म्हणतात.

२ ऑक्टोबर

दसरा, गांधी जयंती आणि दारफळणीचा सण (यहुद्यांचा उपासाचा दिवस, योम किप्पूर) यंदा एकाच दिवशी. तिन्हींमुळे सुट्टी, म्हणून निवांत बसून ससूनची ओळ लिहिली.

पुण्याचं ससून हॉस्पिटल १८६७मधलं, बगदादहून आलेले यहुदी व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून. फोटो नुसत्या इमारतीचा आहे, टॉवर आणि पुढे टांगे. बगदादी श्रीमंत आणि कोकणातले बेने इस्राएल यांचं फारसं सख्य नव्हतं. प्रार्थनेत, कबरस्तानात अंतर राखलं जाई. वैद्यकाच्या बाबतीत एकानं इमारत दिली, दुसऱ्यानं हात. आणि ते दोघंही ज्यांच्यासाठी झटले ते रुग्ण बहुतेक तिसरेच. १२ जानेवारी १९२४च्या रात्री येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या गांधीजींचं आंत्रपुच्छ याच ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांनी काढलं, आणि मध्येच वीज गेल्यावर कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया पुरी केली. ओळ एवढ्यावर थांबवली.

९ ऑक्टोबर

बाळंतपणाच्या भिंतीला सगळ्यात जास्त वेळ दिला. इथे डॉ. झिराड यांचा फोटो आहे, खात्रीचा, प्रसिद्ध झालेल्या पोर्ट्रेटवरून परवानगीनं. पण मधोमध लावलाय तो त्यांचा अहवाल: मुंबई शहरातल्या माता-मृत्यूंच्या कारणांचा शोध, १९४१मध्ये छापलेला. इस्पितळाच्या प्रमुखानं आपल्या वॉर्डाबाहेर, शहरभर मेलेल्या बायांची कारणं विचारत जाणं, हे मला त्यांच्या सगळ्या पदव्यांपेक्षा मोठं वाटतं. शेजारी तिथून फार दूर नसलेली गोष्ट: १९२८मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज संशोधक मुंबईत आली, हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये बसली, आणि गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायांना होणाऱ्या पंडुरोगाचा माग काढू लागली. औषध सापडलं ते मार्माइटच्या बरणीत. १९३१मध्ये तिनं ते प्रसिद्ध केलं. त्यातलं ते अनामिक द्रव्य म्हणजे आज प्रत्येक गरोदर बाईला मिळणारं फॉलिक ॲसिड. हाफकिन यांच्या नावाच्या इमारतीत त्यांच्यानंतर हे घडलं, म्हणून प्रयोगशाळेची भिंत आणि बाळंतपणाची भिंत कोपऱ्यात एकमेकींना भिडवली आहेत.

मेट्रनचा तुकडीफोटो याच भिंतीवर, खालच्या रांगेत. फोटोओळ अशी: 'परिचारिकांची उत्तीर्ण तुकडी, मुंबई, १९५०नंतर. मध्ये मेट्रन. कुटुंबाच्या संग्रहातून.' घरच्यांना वाचून दाखवली. मुलगा थोडा हिरमुसला, पण त्याची आई म्हणाली, 'मग आमची मावशी कुठाय ते लिहा ना.' नाव नाही, पण 'मागच्या रांगेत डावीकडून दुसऱ्या परिचारिकेच्या घरी हा फोटो जपला गेला' एवढं वाढवलं. त्यांनी होकार दिला.

१६ ऑक्टोबर

फ्रेमवाल्याकडे यादी दिली. काच नको, ॲक्रिलिक, आणि फोटो ॲक्रिलिकला टेकू नये म्हणून मध्ये माउंटची खिडकी. त्याला वाटलं उगाच खर्च. मूळ प्रिंट एकही लावत नाही, सगळ्या प्रती. मूळ ॲसिडरहित पाकिटांत घालून आपापल्या घरी, पोच घेऊन. व्हिनेगरच्या वासाच्या निगेटिव्ह मात्र घरी परत करू नयेत, शीतपेटीची सोय असलेल्या संग्रहाकडे द्याव्यात असं कुटुंबाला लेखी कळवलं. ते विचार करतायत.

सिस्टरांना उद्घाटनाला आणायची जबाबदारी माझी. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही, म्हणून ग्रंथपालांना विचारून तळमजल्याचा वाचनकक्ष मिळवला. भिंती कमी, खिडक्या जास्त. पलटणीच्या इस्पितळाचे चार फोटो त्यात गळले. खिडक्यांना पडदे उद्या शिवायला टाकायचे.